गव्हाण दाखवणारा पोरोतो

नाव: फाउस्तो लेदेस्मा, वय ५१ वर्षे, धंदा: घोडेस्वार गुराखी, राहणार: ला पोर्फिआदा फीडलॉट, व्हिया कार्दोन, कोर्दोबा प्रांत, अर्जेंटिना.

मी आज दि. १४ मे २०१९ रोजी सकाळी ११ वाजता, कोणी बोलावलेले नसताना, ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी बावीस वर्षे कामाला आहे. तिथे मांसासाठी वासरे पोसतात. रोज सकाळी प्रत्येक कुंपणात घोडा घालून आजारी वासरू हुडकणे हे माझे काम.

दि. २२ एप्रिलपासून कुंपण ४, मग ५, मग ७ मधली वासरे आजारी पडली. ताप, शेंबूड, धाप, रक्ताची हगवण. आजपर्यंत ६३ मेली. सकाळी इंजेक्शन टोचायचे आणि दुपारी पाय धरून ओढायचे, यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.

मालक एर्नान सोरिया यांनी विषबाधेचा संशय घेऊन ओमार कोन्त्रेरास याच्यावर तक्रार दिली. ओमार खाद्य कालवण्याची गाडी चालवतो. त्याआधी एका रविवारी मांस भाजताना तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मालक, तुमची वासरं आमच्यापेक्षा बरं जेवतात!" आम्ही हसलो. मालक हसले नाहीत. आज पाच दिवस ओमार तुमच्या कोठडीत आहे. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे झाले.

विष नव्हते. आईपासून तोडलेली वासरे नवी आली की हंबरत कुंपणाकडेने फिरतात, खात नाहीत. म्हणून आमच्याकडे दोन-तीन दिवस त्यांच्यात एक माणसाळलेले जनावर सोडायची रीत आहे. ते गव्हाणीकडे जाते, बाकीची त्याच्यामागे जातात. हे काम आमच्या पोरोतो या वासराचे. त्याची आई वितानाच मेली. माझी बायको नील्दा हिने त्याला बाटलीने वाढवले. आम्हाला मूलबाळ नाही.

दि. १२ रोजी जनावरांच्या डॉक्टर मारिसेलबाई वासरांच्या कानांतून घेतलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा निकाल घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फाउस्तो, पोरोतो आईच्या पोटातूनच विषाणू घेऊन आलाय. जाईल तिथं पसरवतो."

"बाई, त्याला साधी सर्दीसुद्धा नाही हो!"

"त्याला नाही. म्हणून तर कुणाला कळलं नाही."

"काही औषध?"

"नाही हो."

४, ५, ७ याच क्रमाने मी त्याला सोडले होते. मला लाज वाटते. मालकांना सांगितले तर म्हणाले, "तक्रार दिली ती दिली. तुझं वासरू काय साक्ष देणार?" म्हणून मी आलो. डॉक्टरबाईंचा कागद सोबत जोडला आहे. ओमारला सोडावे.

पोरोतो कुठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी ७ वाजता मी त्याला घरून नेले. नील्दा दारात माते चहा पीत होती. म्हणाली, "एवढ्या सकाळी कुठं चाललात त्याला घेऊन?" मी म्हणालो, "नवी वासरं आलीत." ती म्हणाली, "मग जा रे बाळा, शिकव त्यांना." मेलेल्या वासरांच्या खड्ड्याशी डॉक्टरबाई इंजेक्शन घेऊन उभ्या होत्या. मी दोर नेला होता, तो लागला नाही. मी पुढे चाललो, तो मागे आला.

हवालदारांनी हे सगळे मोठ्याने वाचले, मी ऐकले, त्यात चूक नाही. जबाबाची प्रत घरी पाठवू नये. नील्दाला मी सांगेन.

सही: फाउस्तो लेदेस्मा