खळीचं सुगड

मंडळी, एक सांगा — अपशकुन माणसाच्या हातात असतो, की बघणाऱ्याच्या टाळक्यात? गप्प का? बरं, गोष्ट ऐका, मग बोला!

द्वारकाबाई. विधवा, साठी ओलांडलेली, थोरल्या जावेच्या घरात राहणारी. एकदा माठ आणायला हौसा कुंभारणीकडे गेली आणि चाकापाशीच खिळली. "हौसे, मी बसू?" बसली! मातीचा गोळा उडाला तो थेट हौसाच्या गालावर! द्वारका पोट धरून हसली — नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली हो! मग काय, रोज दुपारी बाई चाकावर.

जाऊबाई कडाडल्या, "या वयात चिखलात लोळतेस? लोक तोंडात शेण घालतील! संक्रांत होऊ दे, मग उंबरा ओलांडलास तर याद राख!"

द्वारकेला एकच घोर — चाक सुटलं तर उरणार काय? चूल आणि चार भिंती!

संक्रांत आली. जाऊबाईंकडे हळदीकुंकू! द्वारका कुठे? आत, तिळाचे लाडू वळतेय. अक्कल बघा हं — तिच्या हातचा लाडू चालतो, पोटात जातो! तिची सावली तेवढी सुगडावर पडायला नको! वा गं शहाण्यांनो!

बाहेर जाऊबाईंनी सगळ्यांसाठी आणलेली सुगडं पुजून झाली, बायकांनी एकमेकींना वाण दिलं. "अगंबाई, सुगडाच्या गळ्याला खळी किती सुरेख! कुठून आणलीत?"

जाऊबाई फुगल्या, "हौसाकडून! निवडून आणलीत मी."

लाडवांचं ताट घेऊन द्वारका दारात. तिनं खळी बघितली. आत्ता नाही तर कधीच नाही! "ती खळी नव्हे, चूक आहे. सुगड घडवताना माझा अंगठा घसरतो. हौसा रोज ओरडते मला." आणि पुढं होऊन खळीत अंगठा टेकवला — बरोब्बर बसला!

बायका हातातल्या सुगडांकडे बघू लागल्या. टाकावं? पुजलेलं सुगड, सवाष्णीनं दिलेलं वाण — टाकणार कशी? चोरीचा माल न्यावा तसं एकेकीनं पदराखाली घातलं आणि काढता पाय घेतला!

"उद्या दुपारी मी चाकावर जाणार, अक्का," द्वारका म्हणाली. जाऊबाईंच्याही हातात तेच खळीचं सुगड होतं!

हसताय? हसा, हसा! आणि मला सांगा — परवा तुमच्या घरी बारसं झालं, तेव्हा पाळण्याच्या दोरीला हात लावू दिला नाहीत, ती आत्या कुठाय? तिला पुढं बोलवायची छाती आहे? नाही? मग टाळ्या कुटून देवाचे कान किटवू नका!