किनाऱ्यावरून आणलेली डबी

बापटल्याच्या किनाऱ्यावर फार तर शिंपले मिळतील असं मला वाटलं होतं. मिळाले ते चक्क जीवाश्म! निदान मी तरी तसंच धरून चालले होते. परदेशात हेच शिकून आले होते ना! आता मलकपेठच्या शाळेतल्या मुलांच्या हातात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र द्यायचा होता मला.

घरी डबीतले ते काळपट तुकडे टेबलावर मांडले आणि काकांना हाक मारली. "काका, या बारीक पोकळ्या बघा. माशाचा मणका असणार!"

काका वाकून बघत राहिले. मग त्यांनी हळूच पायातल्या चपला काढल्या.

"कुठं वेचलीस गं बेटा?"

"वाळूत, लाटांच्या कडेला. का हो?"

"तुझ्या काकूला सावडलं ना, तेव्हा स्मशानात अशीच हाडं वेचली होती मी."

"पण ही दगड झालीयत, काका. काळी पडलीयत!"

"जळल्यावर काळीच पडतात. एकच माणूस आहे, का जास्त?"

मी भिंग उचललं, पण डोळ्याला लावायचं धैर्य झालं नाही.

सकाळी शाळेतला कार्यक्रम रद्द केला आणि ठरवलं, डबी आजच बापटल्याला नेऊन समुद्रात सोडायची. आणि गाडीत ती सामानात नाही, मांडीवर घेऊन बसायचं.