मोजून एक कमी

राव, माझ्यासमोर घरगुती फिनेलचं कौतुक करू नका. चाकणला आमच्या कंपनीत आग लागली तर माणसं बाहेर काढून मोजायचं काम माझ्याकडं आहे, आणि घरी त्याचा तोरा मी रोज मिरवतो. परवा दिवेलागणीला ओट्याखालून फुस्स आवाज यायला लागला. तिथंच आमचा सिलेंडर. मी ओरडलो, "बटणाला हात लावू नका, खाली पळा."

चार मजले उतरलो आणि पार्किंगमध्ये सवयीनं माणसं मोजली. बायको, दोन पोरं, मी. आई नाही.

बायको म्हणाली, "त्या दिवा लावायला बसल्या होत्या."

डोळ्यासमोर काडेपेटी आली. जिना कसा चढलो ते आठवत नाही. दार ढकललं तर देवापुढं दिवा लागलेला. आई ओट्यापाशी बसलेली, हातात घरगुती फिनेलची बाटली. फरशी पुसायला म्हणून बायकोनं संत्र्याच्या साली आणि गूळ त्यात मुरत घातला होता.

"हीच फुसफुसत हुती. रोज झाकण ढिलं करावं लागतं, न्हाईतर आत गॅस कोंडतो," आई म्हणाली. मग शांतपणे माझ्याकडं बघितलं.

"खाली माणसं मोजून बरोबर भरली का रं?"