रेडगम रिजचा चारचा पीई

—चार! रेडगम रिजचा पीई फक्त चार, म्हणून शेअर स्वस्त? अगं टॅमसिन, हे तुला सांगितलं कोणी? खाणीच्या कँटीनमध्ये येतो त्या दलालानं? बस, बस, बूट काढू नकोस, कालगुर्लीची लाल माती कुणाच्या पुसण्यानं गेलीय? सिडनीचा बाजार आपल्याकडच्या एक वाजता बंद होतो, म्हणजे घरासाठी साठवलेले पैसे उधळायला तुझ्याकडे अजून पाऊण तास आहे. तेवढ्यात भागाकार शिकवतो. तुझ्या बापाचा मित्र म्हणून फुकट. शेअर चार डॉलरला, वर्षाची कमाई शेअरमागे एक डॉलर. भाव भागिले कमाई, हाच तुझा पीई, चार; म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल — हो ना? बेकरीत बरोबर आहे हे. बेकरीवाला उद्याही पेस्टी भाजणार, परवाही भाजणार. खाण रोज स्वतःलाच खाते, पोरी! त्याच खाणीत दोनशे टनांचा ट्रक चालवतेस ना — दर फेरीला बाहेर काय नेतेस? कंपनीच नेतेस! आणि ही कमाई एक डॉलर का? तर सोनं भडकलंय म्हणून. भाव पडला की ती होणार दहा सेंट, शेअर येणार दोन डॉलरवर, पीई वीस — तेव्हा तुम्ही सगळे ‘महाग, महाग’ करत विकणार. उलटं असतं गं इथं! पीई स्वस्त दिसला की समजावं, जत्रा उठत आली. चाळीस वर्षं सांगतोय — अर्थात चुकतही असेन, चुकतो मी, पण—

काय? आठ वर्षांचं खनिज शिल्लक आहे? अहवालात वाचलंस. हं. खाली खनिजाच्या आकड्याची जबाबदारी घेणाऱ्या भूवैज्ञानिकाची ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून सही असते, नियमच आहे तसा... हो. माझीच. दिसली वाटतं तुला. डॉक्टर पेनहॅलो, सक्षम व्यक्ती! चष्मा सापडत नाही या सक्षम व्यक्तीला! अगं, दोन खोल भोकं पाडली होती, चारशे मीटर अंतरावर. दोन्हींत सोनं. मधे? मधेही सोनं आहे असं धरून मी पेन्सिलीनं रेघ ओढली. ओढतातच सगळे — दगड काही बोलत नाही. खात्रीचं खनिज अडीच वर्षांचं, बाकी साडेपाच वर्षं त्या रेघेत. म्हणजे पैसे वसूल व्हायला चार वर्षं, आणि खाण अडीच वर्षांची! मधे तिसरं भोक पाडा म्हणालो होतो मी. म्हणालो होतो... जरा हळू. मॅनेजर म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू, अॅलस्टर,” आणि मी सही केली. खोटी नाही हं! असेलही सोनं तिथं. कुणी सांगावं?

अशी काय बघतेस? माझे शेअर? ...विकले. म्हातारपणी जोखीम नको, एवढंच, दुसरं काही नाही. गेल्या गुरुवारी, सगळेच्या सगळे. पाच मिनिटांत गेले — घेणाऱ्याचं नाव कळत नाही, असेल कुणीतरी मूर्ख...

काय म्हणालीस? अर्धे पैसे आधीच घातलेस? कधी?

गुरुवारी.

किती वाजता — नको, सांगू नकोस. ऊठ. जा तू आता. जा म्हटलं ना.