विहिरीतलं प्रेत

दुष्काळात रहस्यकथा लिहायची म्हणजे काय, ते ऐका. वाळूजच्या कंपनीत माझ्याच पाळीला काशिनाथ होता, अजिंठ्याकडचा. माझी कादंबरी खेड्यात घडते, म्हणून छापायच्या आधी त्याला वाचायला दिली.

आठवड्यानं तो म्हणाला, "सर, बाईचं प्रेत विहिरीत तरंगतंय, असं लिहिलंय तुमी. पण विहिरीत पाणी कुठंय?"

मी हसलो. "अरे, कथा आहे ती. वाचणारा दचकला पाहिजे."

"आमची वहिनी तळाचं पाणी वाटीवाटीनं भरायला विहिरीत उतरली, अन् पाय घसरून दगडावर पडून मेली. तुमच्या इन्स्पेक्टरनं कोणाला धरलं असतं?"

कादंबरी मात्र मी भरल्या विहिरीसकट छापली.