उष्टं बिस्कीट

— हो न ताई, झोपेतच करतात ही कानाची तपासणी. म्हणून तर आज आमचा अपूर्व वेळेवर झोपतो की नाही या काळजीत मला काल झोप लागली नाही — म्हणजे ज्याने झोपायचं तो मजेत झोपला, आणि मी पंख्याकडे बघत पडले. पहाटेपासून जागं ठेवा म्हणाल्या मॅडम, इथे आल्यावर दूध पाजा, मग गाढ झोपेल. जागं ठेवा. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा लेकराला जागं कसं ठेवतात — गाणं म्हणतात, टाळ्या वाजवतात, खुळखुळा हलवतात, हो की नाही? आणि ज्याला ऐकूच येत नसेल त्याला? मनीषनगरपासून इथपर्यंत ऑटोत मी त्याचे तळपाय ओल्या रुमालाने पुसत आले. ऑटोवाला आरशातून बघून राहिला होता, की ही बाई लेकराला काहून छळून राहिली. आणि तरी मध्येमध्ये टाळ्या वाजवल्याच मी. सवय, दुसरं काय.

आत आहे न आता, बापाच्या खांद्यावर. एकालाच घेतात आत. संघपाल — माझा नवरा — म्हणाला, तू बाहेरच बस, तुझी धडधड ऐकूनच जागा होईल तो. मग त्याच्या त्यालाच कळलं आपण काय बोललो ते, आणि तसाच दार लोटून गेला.

उजवा कान तर गेलाच आहे. जन्मल्यावर मशीन लावतात, त्यात पास नाहीतर रेफर, म्हणजे पुढे तपासा, असं येतं. आमच्या अपूर्वचं रेफर आलं. मग लघवी तपासली, त्यात तो विषाणू निघाला. सीएमव्ही. नाव ऐकलं नाही न? कुणीच ऐकलेलं नसतं. मी ऐकलं होतं. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, ताई — परीक्षेत टीप लिहिली होती याच्यावर, मार्कही चांगले पडले होते. मोठ्या माणसाला नुसता ताप, अंगदुखी, बस. पोटातल्या बाळाच्या मात्र मेंदूत, कानात जाऊन बसतो. मला तिसऱ्या महिन्यात ताप आला होता. म्हटलं, व्हायरल असेल. बरोबरच म्हटलं म्हणा. तर तेव्हापासून औषध चालू होतं, डावा कान टिकावा म्हणून, दर थोड्या दिवसांनी एवढ्याशा हातातून रक्त काढायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. आज कळेल टिकला की नाही. डावा राहिला तर आपसूक बोलायला शिकेल म्हणतात मॅडम. दोन नको मला, एकच —

थांबा, ते नका टाकू तोंडात. ते बिस्कीट. तुमच्या मिनलचं उष्टं आहे न ते? द्या इकडे, मी टाकते डब्यात. रागावू नका, ओळख ना पाळख — पण तुम्हाला कितवा महिना चालू आहे? चौथा? मग तर नाहीच नाही. लहान लेकरांच्या लाळेत असतो तो. लेकराला काही होत नाही, ते हसून-खेळून राहतं. म्हणून तिचं उष्टं खायचं नाही, एका चमच्याने खायचं नाही, पापी घ्यायची तर डोक्यावर, शू-शी काढली की साबणाने हात. एवढंच आहे. मला हे कुणी सांगितलं नाही. म्हणजे — मला माहीतच होतं, सांगणार कोण? पण पुस्तकातली लाळ वेगळी वाटते हो, आपल्या लेकीची ती लाळ वाटतच नाही.

आणि आमच्या सासूबाईंना पानात टाकलेलं दिसलं की जिवावर येतं. "अन्न फेकू नको वं, लेकराचं उष्टं मायनं खाल्लं तं काय होते?" मग रितिकाचा — ती बघा, त्या खुर्चीवर पाय हलवून राहिली ती माझी मोठी — तिचा राहिलेला वरणभात, चोखलेली संत्र्याची फोड, चहात बुडवलेला टोस्ट, सगळं माझ्या पोटात. मी घरचा डस्टबिन म्हणून हसायची मी. डॉक्टर सांगतात, तिच्याकडूनच आला असं कुणीच म्हणू शकत नाही, तुमच्या अंगात लहानपणापासूनही असेल. कळतं मला. पटतंसुद्धा. पण समोर ही असते न —

तिला काही बोलले नाही मी कधी. फक्त अपूर्वची पापी घ्यायला गेली की हात मध्ये घालते. काही अर्थ नाही त्याला, जे व्हायचं ते जन्माच्या आधीच झालं, आता तर त्याच्याच लाळेत असेल — माहीत आहे, तरी हात जातो. मीपण तिची पापी घेत नाही आता, पोटात कुणी नसतानाही. ती ताटली बोटाने निपटून पुसते, मला दाखवते आणि धुवायला ठेवते. सासूबाई म्हणतात, किती शहाणी झाली. चार वर्षांची आहे. — एकदाच. पहिल्या तपासणीचा कागद हातात होता, आणि हिने आपल्या पोळीचा घास माझ्या तोंडाजवळ आणला. मी म्हटलं, "तुझ्या उष्ट्यानेच झालं हे." ओरडून नाही हो, हळूच म्हटलं. तिला कुठे कळतं? तेव्हा तर अजूनच लहान होती —

आला. दार उघडलं. झोपूनच आहे वाटतं अजून. काय रे, काय म्हणाल्या मॅडम? — बोल न. — डावापण?

बरं.

बरं, दे त्याला माझ्याजवळ. ताई, तुमचा नंबर आला, तुम्ही जा. मिनलला उचलून घ्या, वायर आहेत तिथे. नाही, मी ठीक आहे, जा तुम्ही. — रितिका, चप्पल घाल, घरी जायचं. काय? जोराने बोल बेटा, आईला ऐकू नाही आलं.

"आई, पण मी तर आता उष्टं ठेवतच नाही."