सत्तेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू महोदया. व्यासपीठावरचे कुलसचिव साहेब आणि अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आजच्या उत्सवमूर्ती मॅडम. लेखा विभागातले माझे सहकारी. आणि मागे दारात दाटीवाटीने उभे राहिलेले विद्यार्थीहो! पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, या, बसा. कोणी शुल्क मागणार नाही.

आधी एक दुरुस्ती. निमंत्रणपत्रिकेवर ‘सहा वर्षांची सेवा’ असं छापलं आहे. मॅडम रुजू झाल्या ती तारीख मीच नोंदवली होती. पाच वर्षं, आठ महिने, अकरा दिवस. त्यांचं मोठेपण कमी करायचा हेतू नाही. निदान या बाबतीत तरी नाही.

मी शुल्क विभागाचा अधीक्षक. पण हे पद फक्त दारावरच्या पाटीला माहीत आहे, मुलांसाठी मी ‘खिडकीवाले काका’. त्या खिडकीत मला एकवीस वर्षं झाली. कॉलेजची पायरी चढलो ती थेट नोकरीलाच. चक्रवाढ व्याज, हप्त्यांचं गणित, कर, विमा, सगळं रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर डोकं आपटून शिकलो. शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन मुलं खिडकीशी यायची, मी समजावून सांगायचो. ‘पावती वाचल्याशिवाय खिडकी सोडायची नाही,’ हे वाक्य इथल्या निम्म्या सभागृहाने माझ्या तोंडून ऐकलं असेल.

मग विद्यापीठाने ठरवलं की मुलांना पैशाचे निर्णय घ्यायला रीतसर शिकवायचं. मी अर्ज केला. सोबत माझी स्वतःची चाळीस पानी टिपणं, कोष्टकांसह. एका ओळीचं उत्तर आलं: ‘पदव्युत्तर पदवी आवश्यक.’ बरोबरच आहे. नियम म्हणजे नियम, हे मीच लोकांना सुनावत असतो.

आणि मॅडम आल्या. वय वर्षं एकतीस. तिसऱ्या आठवड्यात खिडकीशी एक मुलगा म्हणाला, “राहू द्या काका, मॅडमना विचारतो.” पुढे पुढे तेही म्हणायला कोणी येईना.

ते एक वेळ सोसलं असतं. पण माझी मुलगी इथेच शिकत होती. एके दिवशी जेवताना म्हणते, “बाबा, क्रेडिट कार्डाची नुसती किमान रक्कम भरत राहिलं ना, तर मुद्दल जागचं हलत नाही. मॅडमनी दाखवलं आज.”

“अगं, हेच मी तुला आठवीत असताना सांगितलं होतं!”

“हो, पण त्या सांगतात तेव्हा कळतं.”

आमची ही म्हणाली, “तू ते नाव काढू नकोस गं ताटावर. यांचा घास अडकतो.”

सभ्य भाषेत याला मत्सर म्हणतात. घरी आम्ही पोटदुखी म्हणतो. औषध एकच, दोन्हीवर लागू पडत नाही.

गेल्या वर्षी मॅडमनी प्रस्ताव दिला: हा ऐच्छिक वर्ग सर्वांना सक्तीचा करावा, त्याला कायम पद आणि धड खोली मिळावी. तोवर तो शनिवारी दुपारी, जुन्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, साठ खुर्च्यांत चालायचा. अट अशी की ऐंशी टक्के उपस्थिती हवी. साठाचे ऐंशी टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस. कुलसचिव साहेब मला म्हणाले, “एक तास बसून या आणि टिप्पणी लिहा.” मी पेन्सिलीला टोक काढून गेलो. आता खरं सांगायचं तर चुका काढायला गेलो. खांबाआड बसलो, फळ्यावरचा प्रत्येक आकडा गणकयंत्रावर तपासला. एकही चूक सापडली नाही. किती वाईट वाटलं म्हणून सांगू!

मॅडमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. घरातला एक सही केलेला कागद आणायचा, नावं काळी करायची, आणि उभं राहून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. कोणी पुटपुटलं की त्या म्हणणार, “जोरात!” त्यामुळेच त्यांचं नाव जोरात मॅडम पडलं. पहिला कागद त्यांचा स्वतःचा. व्यायामशाळेचं तीन वर्षांचं सभासदत्व, प्रत्यक्ष हजेरी चार दिवस. वर्ग खो खो हसला.

मग माझी मुलगी उठली. तिने विम्याची पॉलिसी वाचायला घेतली. दर वर्षी वीस हजार, पंधरा वर्षं. शेवटी हातात चार लाख वीस हजार. आणि नवव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, ‘बोनसची हमी नाही.’

एक मुलगा ओरडला, “ही घेतली कोणी? झोपेत सही केली काय?”

“माझ्या ओळखीतलेच आहेत,” मुलगी म्हणाली. “हिशेबाला फार पक्के. पण साडू नवा नवा एजंट झाला होता. त्याच्यासमोर बसून कागद वाचत बसलं तर त्याला काय वाटेल, म्हणून वाचला नाही.”

मॅडम म्हणाल्या, “मग हा हिशेब कच्चा असल्याचा प्रकार नाही. नात्यातल्या माणसासमोर कागद वाचायची लाज वाटणं, याची किंमत काढा बरं.”

मुलांनी काढली. पॉलिसीचा परतावा चार पूर्णांक एक टक्के. तेव्हा साध्या मुदत ठेवीला साडेसात मिळत होते. फरक एक लाख एक्केचाळीस हजार पाचशे पंचेचाळीस. मीही काढला. तेवढाच आला.

तो साडू माझा. सही माझी. प्रत्येकाला पावती वाचायला लावणारा माणूस मी.

खिडकीत परतून मी टिप्पणी लिहिली: ‘विषय उपयुक्त, तथापि उपस्थिती सत्तेचाळीस, निकषापेक्षा कमी, शिफारस करता येत नाही.’ मुलीला मी मोजलं नव्हतं. स्वतःच्या मुलीला मोजणं म्हणजे हितसंबंध, अशी मनाची समजूत घातली. समजूत नीट बसली. कारण ती बसावी अशीच इच्छा होती.

आठवड्याने मॅडम खिडकीशी आल्या. हातात माझ्या टिप्पणीची प्रत.

“काका, अठ्ठेचाळीस होते.”

“सत्तेचाळीस. दोनदा मोजलेत मी.”

“माझ्याकडे सह्या आहेत. तुमच्या मुलीचीही आहे.”

वाटलं, आता या कुलसचिवांकडे जाणार. पण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “तो कागद तुमचा आहे हे मला आधी माहीत नव्हतं. कोपऱ्यात तुमच्या हिरव्या शाईतला आवक क्रमांक दिसला, तोवर तिचं वाचून होत आलं होतं. मी तिला थांबवायला हवं होतं. माफ करा.”

मंडळी, घरच्या कागदांनाही मी आवक क्रमांक घालतो. सवय. पण पुढचं ऐका. त्यांनी मागितलेली माफी मी स्वीकारली! “ठीक आहे, यापुढे काळजी घ्या,” असं वर म्हणालो. आणि जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं बाकी असताना खिडकी लावून घेतली.

त्या कुलसचिवांकडे गेल्या नाहीत. प्रस्ताव बारगळला. आता दुसऱ्या विद्यापीठाने त्यांना कायम पद दिलं आहे, दोनशे खुर्च्यांचा वर्ग दिला आहे. माझी मुलगी मघापासून उजवीकडच्या खांबाशी उभी आहे. व्यासपीठावरची फुलं तिनेच लावली. काल घरी म्हणत होती, “पगार जास्त असणार तिकडे, बाबा. मॅडम तरी काय करतील?” मी मान डोलावली आणि वरण मागितलं. हे सगळं ती आत्ता, तुमच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकते आहे. तिच्याकडे बघायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

अध्यक्ष महोदया, सुधारित टिप्पणी सकाळी साडेदहाला आपल्या कार्यालयात दिली आहे. सोबत हजेरीपत्रक. शिक्षिका चालल्या, निदान वर्ग तरी राहावा. माझ्यावर कारवाई करायची तर मधल्या काळात नियम बदललेले नाहीत, कलम मी टिप्पणीतच लिहून ठेवलं आहे. आणि शिकवायला मला बोलावू नका. ‘बारीक अक्षर आधी वाचा’ असं चाळीस पानी टिपणांत मी चाळीस वेळा लिहिलंय, आणि स्वतःच्या पॉलिसीचं नववं पान एकदाही वाचलं नाही.

मॅडम, तुमच्याबद्दलचा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्या दिवशी तक्रार केली असतीत तर कदाचित गेला असता. केली नाहीत, म्हणून तो वाढला. नव्या गावी तुम्हाला चांगली खोली मिळो, चांगली मुलं मिळोत. आणि खिडकीत माझ्यापेक्षा बरा माणूस मिळो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, दोघांचेही आभार. भाषण संपवताना ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ म्हणायची आपल्यात रीत आहे. माझ्या हातून भूल झालेली नाही, मी काय लिहितो आहे ते मला माहीत होतं. तेव्हा भूल वगळा. चूक तेवढी पदरात घ्या.